वरचा एक युरो

रेगेन्सबर्ग
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
कुंदाचा सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच मान्य करून घे, गुडघे आता जमिनीपर्यंत पोचत नाहीत.)

फोन केला तर माझं ओरडणं खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला ऐकू जाईल आणि हॅम्बर्गात तुला मात्र नाही, म्हणून नेहमीसारखं पत्रच. देवश्रीने तुला कानाचं नवं मशीन घेऊन दिलंय आणि ते तू चष्म्याच्या डबीत जपून ठेवतोस, हे तुझ्या लेकीने तिच्या आत्याला कळवलेलं आहे. असो. तुझ्याशी भांडायला आज वेळ नाही. आज माझं दुसऱ्याशी भांडण आहे.

इथे जुन्या गावात एक उश्या-पडद्यांचं दुकान आहे. सप्टेंबरात मी तिथे जाड दोरा घ्यायला गेले होते. खांद्यावरच्या पिशवीत आमच्या अन्वीचं दुपटं होतं, ते मालकाने पाहिलं. हात फिरवला, उलटं करून पाहिलं, टाके न्याहाळले. म्हणाला, अशी आणखी आहेत का, थंडीच्या तोंडावर काचेत मांडतो, ऑक्टोबर संपला की परत देतो. मला काय, मी फुलले. दुसऱ्या दिवशी तीन गोधड्या नेऊन दिल्या. नातीचं ते दुपटं, ह्यांच्या धोतरांची पांढरी, आणि आपल्या आईच्या लुगड्यांची मोठी. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काहीतरी खरडून ते आतल्या शिवणाऱ्या बाईकडे टाचायला दिलं, आणि मला दोनदा विचारलं की खरंच चालेल ना. आता कुणी इतक्या अगत्याने विचारल्यावर आपण काय म्हणतो? मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, अहो, आपलंच समजा.

चार तारखेला आणायला गेले. काचेत गोधडी एकही नाही. उश्या! अकरा उश्या, शाळेच्या फोटोसारख्या ओळीत बसवलेल्या, कानाला किमतीच्या चिठ्ठ्या. आधी वाटलं, कापड सारखं असेल. मग आईच्या अंजिरी इरकलीचा तांबडा पदर दिसला, चार उश्यांवर चार तुकडे होऊन. आणि त्यावर माझा धावदोरा. आपल्या हाताचा टाका आपल्याला ओळखू येतो, दादा, तो काय दुसऱ्याचा वाटेल? मी तिथेच दगडी पायरीवर बसले.

आत गेले तर तो म्हणतो, तुम्हीच दिल्यात, माझ्याच आहेत म्हणालात. तोंडावर म्हणतो! शिवणारी बाई मशीनवर मान घालून बसली होती, तिने एकदाही वर पाहिलं नाही. कात्री तिचीच चालली असणार.

मयुरेशला संध्याकाळी सांगितलं. कारखान्यातून दमून आला होता, म्हणाला, आई, सोड, तुझ्याकडे कागद नाही आणि इथे कागदाशिवाय पान हलत नाही. वर मलाच विचारतो की ‘आपलंच समजा’ कशाला म्हणालीस. म्हणजे आता मीच गुन्हेगार. आईचं लुगडं मी दान करून आले असं तो उशीवाला गावभर सांगणार, आणि मी पोळ्या लाटत बसू? मला भरपाईचा सोस नाही. मला खुर्चीवर बसलेल्या कुणातरी अधिकाऱ्यापुढे उभं राहून माझ्या तोंडाने सांगायचंय की मी ती दिली नव्हती. कुठे सांगायचं ते देवश्रीला विचारून कळव.

लोभ आहेच, तुझा थोडा रागही पाठव, माझा एकटीचा पुरत नाही.

तुझी
कुंदा


हॅम्बर्ग
दि. १९ नोव्हेंबर २०२४

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद, आणि मागितल्याप्रमाणे राग सोबत जोडला आहे.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. अंजिरी लुगडं! गोवर आला तेव्हा मी त्याच्या घडीवर डोकं ठेवून नऊ दिवस पडलो होतो. आईने ते एकदाच नेसून बार्शीच्या स्टेशनवर फोटो काढला होता. त्याची उशी? त्यावर कोण टेकणार, टीव्ही बघताना? मी इथे एकटाच खोलीत मोठ्याने बोललो, तर देवश्री धावत आली, तिला वाटलं पडलो.

तिला सगळं सांगितलं. पोरगी सॉफ्टवेअरवाली, पण घरमालकाशी दोनदा भांडून अर्धी वकील झाली आहे. ती म्हणते, तुमच्या गावात आम्ट्सगेरिश्ट असतं. मी त्याला आपलं धाकटं कोर्ट म्हणतो. तिथे वकील लागत नाही. कुणीही साधा माणूस आपला अर्ज आपण लिहू शकतो आणि आपली बाजू आपण बोलू शकतो. म्हणजे अगदी तुला हवं तेच. अर्जाचा नमुना तिने छापून दिलाय, सोबत आहे. फक्त भरपाईचा आकडा टाकावाच लागतो, तो रकाना रिकामा चालत नाही. देवश्री म्हणते, पाच हजार सांगा. तीन गोधड्या, हाताचं काम, ठीक आहे म्हणते.

आता एक टोचून घेतो. १९७१ साली माझी सायकल तू शेजारच्या चारुदत्तला अशीच ‘आपलीच समज’ म्हणून दिली होतीस. सहा महिन्यांनी परत आली, घंटी नव्हती. पण त्याने निदान तिचे दोन तुकडे केले नव्हते. तेव्हा चूक तुझी नाही. आपण जसे बोलतो तसे बोललीस, तो जसा वागायला नको तसा वागला.

लढ. लोभ वाढवण्याची गरज नाही, तो आधीच या घरात मावत नाही.

तुझा
विष्णूदादा


रेगेन्सबर्ग
दि. १० डिसेंबर २०२४

ती. दादास,
कुंदाचा सा. न. वि. वि.

अर्ज टाकला! मयुरेशला म्हटलं, तू फक्त प्रिंटर चालव. बाकी मी, शब्दकोश, आणि अन्वी. ती सात वर्षांची कारटी माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तेव्हा तिलाच मास्तर केलं. मी वाक्य म्हणते, ती मान हलवते आणि माझं नामांपुढचं डी, डेअर, डास दुरुस्त करते. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही; आता नातीच्या शाळेत आहे, आणि ती छडी नसली तरी डोळे वटारते.

तो आकड्याचा रकाना मात्र अंगावर आला. ‘मूल्य’ म्हणून विचारतात. आईच्या लुगड्याचं मूल्य! कुणाच्या आईचं कापड कितीला जातं याचा यांच्याकडे तक्ता आहे का? पेन हातात धरून मी अर्धा तास बसले. शेवटी देवश्रीने सांगितलं ते पाच हजार मांडलं, पण नुसत्या शून्यावर थांबायला हात धजेना. कधी थांबलोय आपण? वर एक घातला. पाच हजार एक. तो लिहिला तेव्हा कुठे बरं वाटलं, अर्जाला जरा कुंकू लावल्यासारखं.

कोर्टाच्या भिंतीतल्या पेटीत स्वतःच्या हाताने टाकून आले. येताना त्या दुकानावरून गेले. उश्या सात उरल्यात. चार विकल्या गेल्या, दादा. आईचा पदर कुणाच्या तरी सोफ्यावर गेला. ती शिवणारी बाई काचेतून माझ्याकडे बघत होती. मी तोंड फिरवलं.

बोलायचं ते रोज संध्याकाळी पाठ करते. भाजी ढवळताना मयुरेशने ऐकलं तर हसतो, पण परवा एका शब्दाचा उच्चार त्याने आपणहून सांगितला.

जसा आहे तसा लोभ चालू ठेव, उन्हाळ्यात बिल पाठवीन.

तुझी
कुंदा


हॅम्बर्ग
दि. १८ डिसेंबर २०२४

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

घाईत चार ओळी, टपालपेटी उघडायची वेळ झाली आहे. शाबास! वरचा एक घातलास ते फार छान केलंस. आपली पद्धत आपण सोडायची नाही, कोर्ट कुणाचं का असेना. देवश्री कामासाठी कोलोनला गेली आहे, आली की तिला तुझं पत्र वाचून दाखवीन, विसरलो नाही तर.

लोभ पाकिटात बसला नाही, वेगळा पाठवतो.

तुझा
विष्णूदादा


हॅम्बर्ग
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार. (मी ते अजून खरंच घालू शकते!)

तू पाठवलेले कोर्टाचे कागद मी दोनदा वाचले. मग बाबांकडे गेले आणि त्यांना विचारलं की आत्याने पाच हजार एक का लिहिलं. बाबा इतक्या निरागसपणे म्हणाले, अगं शुभ असतं, मी तर डिसेंबरातच शाबासकी दिली. आत्या, मी डोकं टेबलावर ठेवलं. चूक खरं तर माझीच. पाच हजार सांग म्हणाले, पण का ते सांगितलंच नाही. मला वाटलं आकडा म्हणजे आकडा.

आल्झो, तर ऐक. आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे बाबांचं धाकटं कोर्ट, अशी केस पाच हजार युरोपर्यंतच ऐकतं. पाच हजारापर्यंत तू स्वतः उभी राहून बोलू शकतेस. त्याच्या वर एक युरो जरी गेला तरी केस लांडगेरिश्टची, म्हणजे थोरल्या कोर्टाची. आणि थोरल्या कोर्टात वकील सक्तीचा आहे. वकिलाशिवाय तू तिथे एक कागदसुद्धा देऊ शकत नाहीस. त्या दुकानदाराच्या वकिलाने नेमकं हेच पकडलंय. तो म्हणतो, या कोर्टाला अधिकारच नाही, केस वर न्या. त्याला न्याय मोठा हवा आहे म्हणून नाही, हं. तू वकिलाच्या खर्चाला घाबरून सोडून देशील म्हणून. हो, गेनाऊ, अगदी इतका सरळ डाव आहे.

पण न्यायाधीशबाई चांगल्या वाटतात. त्यांनी तुला ४ मार्चपर्यंत वेळ देऊन विचारलंय की केस थोरल्या कोर्टात पाठवू का, की तुला आणखी काही सांगायचंय. उपाय एका ओळीचा आहे. एक युरो मागे घेते असं लिहून दे, केस आहे तिथेच राहील. जर्मन मजकूर सोबत टाईप करून ठेवलाय. फक्त सही, आत्या. प्लीज. बाकी काही शुभ घालू नकोस!

तुझ्या गोधडीत लहानपणी लपलेली,
देवश्री


रेगेन्सबर्ग
दि. २१ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कुंदाचा नमस्कार वि. वि. आज साष्टांगही नाही, अंगात वाकणं उरलेलं नाही.

देवश्रीचं पत्र आलं. पोरीने मायेने लिहिलंय, तिच्यावर राग नाही. पण बाकी सगळ्या जगावर आहे. अरे, एक युरो! बाजारात सामानाची ढकलगाडी सोडवायला नाणं घालतात, तेवढ्यावर माझं तोंड बंद? पाच हजारापर्यंत मी शहाणी, स्वतःचं बोलू शकते. पाच हजार एकाला मी मुकी झाले? एका नाण्याने माझी जर्मन बिघडली की अक्कल? तीन महिने मी भाजी ढवळताना, इस्त्री करताना, गुडघ्याला तेल लावताना ते बोलणं पाठ केलंय. आणि आता कुणी कोटवाला माझ्या वतीने उठून सांगणार की आमच्या अशिलाची आई अमुक अमुक लुगडं नेसत असे? त्याने पाहिलंय आईला?

मयुरेश म्हणतो, हीच वेळ आहे, केसच मागे घे. देवश्री म्हणते, एक मागे घे. सगळ्यांना माझंच काहीतरी मागे घ्यायला लावायचंय. गोधड्या कापल्या त्याने, आणि कात्री पुन्हा माझ्याच कागदावर! आज त्याच्या वकिलासाठी वरचा एक काढायचा, उद्या तो म्हणेल ‘आई’ हा शब्द काढा, कोर्टाला जड होतो. शुभ म्हणून लिहिलेला आकडा मी आपल्या हाताने खोडणार नाही. सही केलेली नाही. तो कागद डब्याखाली ठेवलाय.

आणखी एक झालं. काल दुपारी बेल वाजली. दारात ती शिवणारी बाई. मिलेना नाव, सीमेपलीकडची चेक, पन्नाशीची असेल. तिची जर्मन माझ्याइतकीच लंगडी, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं सगळं कळलं. तिने ते काम सोडलंय. म्हणाली, गोधडीवर मालकाच्या अक्षरातला पुठ्ठा होता, ३१ ऑक्टोबरला परत म्हणून. तिने त्याला दाखवला. तो म्हणाला, म्हातारीने देऊन टाकल्यात, काप. तिने कापल्या. पण काठ, पदराच्या पट्ट्या, उरलेसुरले तुकडे फेकायला सांगितले होते ते तिने फेकले नाहीत. कागदी पिशवीत भरून आणले होते, आणि तो पुठ्ठाही. म्हणाली, हाताचा टाका कचऱ्यात टाकता येईना. बोलवाल तिथे येऊन सांगेन.

आणि दादा, मी तिला आत ये म्हटलं नाही. सत्तर वर्षांत कुणाला दारात उभं ठेवलं नाही, तिला ठेवलं. पिशवी घेतली आणि दार लावलं. जिना उतरताना तिची पावलं ऐकू येत होती. आता ते टोचतंय. पण कात्री तिचीच होती ना?

काय करू ते सांग. आणि मागे घे असं सांगणार असशील तर पत्र लिहूच नकोस.

लोभाचं आज राहू दे, तो गृहीत धर.

कुंदा


हॅम्बर्ग
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद. लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. धाकट्यांचं ऐकू येत नाही मला.

चूक तुझी अर्धी, माझी अर्धी. शाबासकी मीच दिली होती. पत्र आलं तेव्हा प्रथम मीही तुझ्याच बाजूने टेबलावर मूठ आपटली. मग दोन रात्री आईचा विचार केला, आणि असं सुचलं.

आपण वरचा एक कुठे कुठे घालतो ते आठवून बघ. लग्नाच्या पाकिटात. मुंजीत. बारशाला. भाऊबीजेच्या ताटात तू माझ्याकडून भांडून घेतेस तो. वाण्याच्या बिलावर कधी घातलास? रिक्षातून उतरताना? दाताच्या डॉक्टरला? आई काय सांगायची? शून्यावर व्यवहार मिटतो. ज्यांच्याकडे पुन्हा जायचं-यायचं असतं, तिथे मिटवायचा नाही, वर एक ठेवून दार उघडं ठेवायचं. तो एक रुपया शुभ असतो तो त्या येण्या-जाण्यामुळे.

आता मला सांग. त्या उशीवाल्याकडे तुला पुन्हा जायचंय? त्याच्या पोरीच्या लग्नाला आहेर न्यायचाय? दिवाळीला त्याच्याकडे फराळाचं ताट पाठवणार आहेस? मग त्याच्या नावापुढे वरचा एक लिहिलाच कशाला? आपल्याकडून ज्याला-त्याला मिळत नाही असा मान आपण त्याला देऊन बसलो आहोत, आणि तो वकील लावून तो तुझ्यावरच उलटवतोय. त्याच्याशी शून्यावर मिटव, कुंदे. तीन गोल, टपोरे, बंद शून्य. वकिलाला घाबरून काढू नकोस. उशीवाला त्या युरोच्या लायकीचा नाही म्हणून काढ.

दुसरं, ती मिलेना. कात्री तिच्या हातात होती, पण तुकडे जपले तेही त्याच हातांनी. मी काही सांगत नाही. तू दार लावलंस ते तुलाच टोचतंय, म्हणजे सांगायची गरज नाही.

लोभ धर वा न धर, चार तारखेच्या आत कागद टाक.

तुझा
विष्णूदादा


रेगेन्सबर्ग
२८ फेब्रुवारी २०२५ (पोस्टकार्ड)

दादा,
काढला. देवश्रीच्या ओळीखाली माझी एक ओळ जोडली की हा युरो मी कोर्टाला घाबरून नव्हे, प्रतिवादीला तो शोभत नाही म्हणून परत घेत आहे. देवश्रीला सांगू नकोस, ओरडेल. साष्टांग बाकी होता तो आज पूर्ण.
कुंदा


रेगेन्सबर्ग
दि. ३० जून २०२५

ती. दादास,
कुंदाचा सा. न. वि. वि.

फोटो आणि चार शब्द मयुरेशने तेव्हाच पाठवले होते, पण सगळं नीट सांगायचं राहिलं. महिना होऊन गेला, रागावू नकोस. हात दुसऱ्या कामात होते, ते शेवटी सांगते.

केस धाकट्या कोर्टातच राहिली. वीस मेला तारीख होती. मयुरेशने रजा टाकली आणि मागच्या बाकावर बसला. खोली आपल्या शाळेच्या वर्गाएवढी, न्यायाधीशबाई देवश्रीच्या वयाच्या, केसांना साधा चाप. उशीवाला आणि त्याचा वकील एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मी एकटी. बाईंनी विचारलं, दुभाषी हवा का. मी म्हटलं, नको, हळू बोला, मीही हळू बोलेन.

वकील आधी बोलला. भराभर, कागदात बघून. मुख्य मुद्दा हाच की मी स्वतः म्हणाले होते, आपलंच समजा. तेव्हा वस्तू दिली, विषय संपला. मग बाईंनी मला विचारलं की तसं म्हणालात का. दादा, पाच-सहा महिने पाठ केलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून उडालं. एक वाक्य उरलं नाही. मग जे तोंडात आलं ते बोलले. मी म्हटलं, हो, म्हणाले. आमच्याकडे कुणी कौतुक केलं की असंच म्हणतात. त्याच दिवशी मी पत्ता सांगितला तेव्हा या साहेबांनी माझ्या घराचंही कौतुक केलं होतं, म्हणाले तुमच्या खिडकीतून नदी दिसत असेल. त्यावरही मी म्हटलं होतं, या की कधी, घर आपलंच समजा. मग वकीलसाहेबांनी सांगावं, हे अजून आमच्याकडे सामान घेऊन राहायला का आले नाहीत? घर सोडलं आणि गोधड्या तेवढ्या आपल्या समजल्या, हे कसं?

बाईंनी खाली कागदात बघितलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. मागे मयुरेशला ठसका लागला. उशीवाला लाल झाला.

मग मी आईचं सांगितलं. अंजिरी लुगडं, बार्शीचं स्टेशन, तुझा गोवर. किती चुका केल्या माहीत नाही, अन्वी असती तर डोळे वटारले असते. म्हटलं, ती गोधडी मी कुणाला देऊच शकत नाही, कारण ती माझी एकटीची नाही, हॅम्बर्गातल्या माझ्या भावाची अर्धी आहे. आपल्या वस्तूतलं अर्धं दुसऱ्याचं असलं तर दान करता येतं का, ते तुम्हीच सांगा. एवढं बोलून बसले. जे बोलायचं होतं ते माझ्या तोंडाने बोलून झालं.

त्यानंतर मिलेना. हो, तिला मी मार्चमध्येच जाऊन आणली. तिच्या घरी गेले, यावेळी दारात मी उभी, आणि तिने क्षणभर थांबून आत घेतलं. तिने कोर्टात तो पुठ्ठा दाखवला. परत, ३१ ऑक्टोबर. अक्षर कुणाचं, बाईंनी उशीवाल्याला विचारलं. तो वकिलाकडे बघायला लागला. वकील खिडकीकडे.

बाईंनी दोघांना सांगितलं की निकाल लिहिण्याआधी तडजोड होते का बघा, आणि उशीवाल्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याला ते नीट समजलं. मी म्हटलं, आधी एक वाक्य लेखी हवं, मग बाकीचं. लिहिलं गेलं, कोर्टाच्या कागदावर, त्याच्या सहीने: या गोधड्या उसन्या घेतल्या होत्या, देणगी नव्हत्या. ते वाक्य फ्रेम करून मी फ्रीजवर ठेवलंय. त्याखाली सात उश्या परत आणि भरपाई. आकडा देवश्रीला विचार. शेवटी शून्य आहे, एवढं सांगते.

उश्या मयुरेशने घरी आणल्या. दोन्ही बगलांत तीन-तीन आणि एक दातात धरल्यासारखी हनुवटीखाली, बसमध्ये लोक बघत होते. जिन्यात म्हणाला की आजीचा तो स्टेशनवरचा फोटो दादामामांकडे आहे का, मला हवाय. पाठव.

आता हातातलं काम. मिलेना मेपासून दर गुरुवारी येते. आधी उश्यांचे टाके उसवले, मग तिच्या पिशवीतल्या पट्ट्या मांडल्या. तीन गोधड्यांची एकच होते, आणि तीही पुरी होईना. चार उश्या गेल्या तिथे भोक. मी म्हटलं, नवं कापड घालू. पुढच्या गुरुवारी ती घरून तिच्या आईचा निळा छापाचा एप्रन घेऊन आली. मी खूप नको म्हटलं. तिने कात्री माझ्या हातात दिली. मी कापला, दादा. माझ्या हाताने, तिच्या आईचा. आता अंजिरीच्या शेजारी निळं बसलंय, आणि खरं सांगू, डोळ्यांना सवय व्हायला दोन दिवस लागले, पण बसलंय.

गेल्या गुरुवारी शेवटचा काठ घातला. तिची मजुरी मी पाकिटात घालून दिली. ती सरळ बाई, तिथेच उघडून मोजलं, आणि एक नाणं टेबलावर माझ्याकडे सरकवलं. जास्त आलंय म्हणाली. मला हसू आवरेना. म्हटलं, याच नाण्यापायी केस थोरल्या कोर्टात निघाली होती. मग दोघींच्या लंगड्या जर्मनमध्ये तिला सगळं समजावलं, शून्य आणि वरचा एक, आणि तो कुणाला द्यायचा नसतो, आणि कुणाला द्यायचा असतो. तिला वेळ लागला. मग तिने नाणं उचललं, पाकिटात न ठेवता अंगावरच्या एप्रनच्या खिशात टाकलं, आणि विचारलं की मग पुन्हा कधी येऊ. मी म्हटलं, गुरुवारी.

शिवायचं काही उरलेलं नाही. गुरुवारी ती येणार आहे.

गोधडी दिवाळीपर्यंत माझ्याकडे, पुढे सहा महिने तुझ्याकडे. आपलीच समज, पण लेखी परत कर.

लोभ आहे तेवढा असूच दे, आणि वर एक.

तुझी
कुंदा